पाहण्याची जागा बदलणारा राजा : महाराज सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव परिसरात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळराव. घर शेतकऱ्याचे होते. बडोद्याच्या राजघराण्याशी रक्ताचे नाते होते खरे, परंतु ते इतके दूरचे की त्या नात्याचा दैनंदिन आयुष्याशी काही संबंध उरला नव्हता. गुरे, शेत, पाऊसपाणी आणि घरची कामे यांतच या मुलाचे बालपण चालले होते. गावात शाळा नव्हती आणि असती तरी या मुलाला तेथे धाडण्याची निकड कोणाला वाटली असती, असे त्या काळाकडे पाहून म्हणवत नाही.

१८७५ साली बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले आणि त्यांचे दिवंगत बंधू खंडेराव महाराज यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. घराण्याच्या दूरदूरच्या शाखांचा शोध सुरू झाला आणि तो कवळाण्यापर्यंत येऊन पोहोचला. बडोद्यात आणलेल्या मुलांना ते कशासाठी आले आहेत, असे विचारले गेले तेव्हा गोपाळरावाने आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे उत्तर दिले, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले. त्या वेळी त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती.

या एका गोष्टीचे महत्त्व त्यांच्या चरित्रात फार मोठे आहे. बहुतेक राजपुत्र लिहायवाचायला कधी शिकले हे त्यांना आठवतही नसते. सयाजीरावांचे तसे नव्हते. निरक्षर असणे म्हणजे काय, कागदावरच्या रेघोट्यांपुढे हतबल होणे म्हणजे काय, हे त्यांनी जाणत्या वयात अनुभवले होते. एफ. ए. एच. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, घोडेस्वारी, व्यायाम असा तो भरगच्च दिनक्रम होता. बरोबरीची मुले सहा-सात वर्षांपूर्वी जे शिकून मोकळी झाली होती, ते या मुलाला आता दुप्पट वेगाने आत्मसात करायचे होते. अविरत श्रम करण्याची जी सवय त्यांना या काळात लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

राज्यकारभाराचे धडे त्यांना दिले ते दिवाण सर टी. माधवराव यांनी. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुटुंबातले. कुंभकोणम येथे जन्मलेल्या या मुत्सद्द्याने त्रावणकोर आणि इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी गाजवली होती. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचे कर्तृत्व कोणत्या उंचीला जाऊ शकते, याचे ते जिवंत उदाहरण होते. बडोद्याची विस्कटलेली घडी त्यांनी बसवली, आणि तरुण महाराजांना राज्यकर्त्याच्या कर्तव्यांविषयी रीतसर व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती संपूर्ण अधिकार आले तेव्हा ते अवघ्या अठरा वर्षांचे होते.

बडोदे संस्थानाची रचना मोठी विचित्र होती. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत, आणि हे चारही एकमेकांपासून तुटलेले. मध्ये इंग्रजी मुलूख, मध्ये इतर संस्थाने. नवसारी दक्षिणेला, अमरेली थेट काठियावाडात. राजधानीत बसलेल्या माणसाला हे राज्य केवळ कागदांतूनच दिसू शकत होते. महाराजांनी कारभार हाती घेतल्यावर प्रांतोप्रांती दौरे सुरू केले. मुक्काम करायचा, गावात हिंडायचे, शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, विहिरी, चावडी, शाळा स्वतः पाहायच्या. दप्तरातला अहवाल आणि डोळ्यांनी पाहिलेले गाव यांतले अंतर त्यांना या दौऱ्यांतून कळत गेले. पुढे त्यांनी जे जे वेगळे निर्णय घेतले, त्यांतील अनेकांचे मूळ या अंतराच्या जाणिवेत सापडते.

त्यांच्यापुढचा सर्वांत कठीण प्रश्न शिक्षणाचा होता. संस्थानात शाळा वाढत होत्या, शिक्षक नेमले जात होते, पैसा खर्च होत होता. तरी शाळेत न येणाऱ्या मुलांची संख्या येणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. त्या काळातील प्रचलित उत्तर सोपे होते. लोकांना शिक्षणाची आवड नाही, ती हळूहळू निर्माण होईल, तोवर वरच्या वर्गांना शिकवावे, त्यांच्याकडून विद्या आपोआप खालपर्यंत झिरपेल, असे मोठमोठे विद्वान आणि अधिकारी मानत असत. या विचारात दोष लोकांचा होता आणि सरकारचे काम शाळेचे दार उघडे ठेवण्यापुरते होते.

महाराजांनी हा प्रश्न उलट बाजूने हाताळला. शेतकऱ्याच्या अंगणातून पाहिले तर मूल शाळेत न जाण्याची कारणे अगदी साधी आणि खरी होती. मूल गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते, कापणीला हातभार लावते. शाळेचा लाभ दहा वर्षांनी होणार आणि तोटा मात्र आजच होणार. अशा बापाला दोष देऊन काही साधत नाही. मात्र मुलाचे भवितव्य केवळ घरच्या अडचणीवर सोडून देणेही न्यायाचे नाही. मुलाला शिकवणे हे बापाच्या मर्जीचे काम न राहता ते राज्याचे कर्तव्य झाले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा विचार तेव्हा फार थोडे लोक गांभीर्याने करत होते.

मात्र त्यांनी एकदम हुकूम काढला नाही. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. राजधानीपासून दूरचा, काठियावाडातला, शेतीवर जगणारा हा भाग होता. राजधानीत असा प्रयोग सहज यशस्वी झाला असता आणि त्यातून काहीच कळले नसते. अमरेलीत जे जमेल ते इतरत्रही जमेल, आणि जे फसेल ते लहान प्रमाणावर फसेल. मुलांबरोबर मुलींनाही सक्ती लागू होती, जरी त्यांच्यासाठी वयाची मर्यादा कमी ठेवलेली होती. विनाकारण मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. आजारी मूल, शाळेपासून फार दूर राहणारे मूल, ज्याच्यावाचून घरचे भागूच शकत नाही असे मूल यांना सूट असे. टप्प्याटप्प्याने हा प्रयोग तालुकाभर पसरला.

तेरा वर्षे हा प्रयोग चालला. या काळात कोणता विरोध खरा आणि कोणता केवळ सवयीचा हे उमगले. शिक्षकांचा तुटवडा किती पडतो, इमारती किती लागतात, हंगामात हजेरी किती घटते, हे सारे आकड्यांनिशी हाती आले. याच दरम्यान १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ येऊन गेला. १८९१ च्या शिरगणतीत चोवीस लाखांवर असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. गावेच्या गावे मोडली. अशा वेळी सक्तीचे शिक्षण ही चैन आहे, असे म्हणणे कोणालाही सहज पटले असते. महाराजांनी मात्र १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. पुढे १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेले. परंतु हिंदुस्थानात हे होऊच शकत नाही, हा आक्षेप बडोद्याने कायमचा निकालात काढला होता. १९१७ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींनीही सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न याहून बिकट होता. कारभार हाती येताच, १८८० च्या दशकाच्या आरंभीच, महाराजांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण शिकवायला कोणी येईना. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांवर जाण्यास तयार नव्हते. हुकूम काढून त्यांना धाडता आले असते, परंतु मनात विटाळ बाळगून वर्गात बसणारा शिक्षक मुलांना काय देणार? महाराजांनी शिक्षक शोधण्याचे क्षेत्रच बदलले. या शाळांवर मुसलमान शिक्षकांची नेमणूक झाली आणि काम सुरू झाले. पुढे आर्य समाजाचे कार्यकर्ते पंडित आत्माराम यांना पंजाबातून आणून त्यांच्यावर या शाळांची जबाबदारी सोपवण्यात आली. शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळा बंद, हे वाक्य कोणत्याही दप्तरात शोभून दिसले असते. महाराजांनी ते लिहिण्याची वेळ येऊ दिली नाही.

कारागिरांच्या बाबतीतही त्यांनी असाच वेगळा विचार केला. गिरण्यांचा आणि परदेशी मालाचा जमाना आला होता, जुने हस्तव्यवसाय बुडत होते आणि नवे शिक्षण केवळ कारकून घडवत होते. १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्याची सूत्रे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे होती. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, सुतारकाम अशा विषयांचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेथे देशी भाषेतून देण्याची योजना होती. इंग्रजी येत नाही म्हणून हुशार हातांचा कारागीर मागे पडू नये, हा त्यामागचा विचार होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी या कलाभवनात शिक्षण घेतले, एवढे सांगितले तरी त्या संस्थेचे मोल ध्यानात येते.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, शाळा भरू लागल्या. पुष्कळसे राज्यकर्ते येथे समाधान मानून थांबले असते. महाराजांना मात्र एक नवीन अडचण दिसू लागली होती. चार-पाच इयत्ता शिकून मूल शाळेबाहेर पडते, नांगराला किंवा मागाला लागते, आणि काही वर्षांत त्याची अक्षरे पुसली जातात. गावात वाचायला काहीच नसते. म्हणजे राज्याने एवढा खर्च करून जे पेरले ते पाण्यावाचून वाळून जाते. शिक्षणखात्याच्या दृष्टीने मूल उत्तीर्ण झाले की काम संपत होते. महाराजांनी ते मूल पंचवीस वर्षांचे झाल्यावर काय वाचील, असा प्रश्न मनात धरला आणि शाळेच्या प्रश्नाचे उत्तर शाळेबाहेर शोधले.

या उत्तराची बीजे त्यांच्याच राज्यात रुजत होती. पेटलाद भागात शिक्षक म्हणून काम करणारे मोतीभाई अमीन गावोगावी मित्रमंडळांच्या मार्फत लहान लहान वाचनालये चालवत होते. त्यासाठी सरकारी हुकूम नव्हता की मोठा निधी नव्हता. महाराजांनी युरोप आणि अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालये बारकाईने पाहिली होती. न्यू हेवन येथील विल्यम अॅलन्सन बॉर्डेन या अनुभवी ग्रंथपालाला त्यांनी १९१० साली बडोद्यात बोलावून ग्रंथालय खात्याचे प्रमुख केले. राजवाड्यातील आपला खाजगी ग्रंथसंग्रह, सुमारे २०,००० पुस्तकांचा, महाराजांनी लोकांसाठी खुल्या होणाऱ्या मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. राजाची पुस्तके प्रजेच्या हाती गेली.

बॉर्डेन यांनी १९११ साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिलाच वर्ग होता. १९१२ पासून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत निघू लागले. बॉर्डेन १९१३ साली मायदेशी परतले तरी काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते समर्थपणे पुढे नेले, आणि गावोगावच्या वाचनालयांची जबाबदारी मोतीभाई अमीन यांच्यावर आली. बाहेरून आणलेला तज्ज्ञ आणि घरचा कार्यकर्ता या दोघांनाही एकाच व्यवस्थेत मानाचे स्थान मिळाले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

गावच्या वाचनालयाची योजना तर फारच मार्मिक होती. गावाने काही रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. तीन समान वाटे. सारा खर्च सरकारने केला असता तर वाचनालय सरकारचे झाले असते आणि सरकारी इमारतीसारखे परके राहिले असते. स्वतःच्या खिशातून चार आणे घातलेल्या शेतकऱ्याला त्या कपाटाविषयी आपुलकी वाटू लागली. जेथे वाचनालय उभे राहणे शक्य नव्हते तेथे फिरती ग्रंथालये गेली. मजबूत लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या रेल्वेने गावोगावी धाडल्या जात. वाहतुकीचा भार गावावर नसे. ठरावीक मुदतीनंतर पेटी परत येई आणि दुसरी जाई. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते.

तरीही ज्यांना वाचताच येत नाही अशा प्रौढांचे काय, हा प्रश्न उरतच होता. कायदा मुलांसाठी होता, पुस्तके साक्षरांसाठी होती. ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले होते ते स्त्रीपुरुष या साऱ्याबाहेर राहत होते. त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने चित्रांचा मार्ग काढला. जादूच्या कंदिलाच्या काचा, दुर्बिणीतून पाहायची जोडचित्रे आणि चित्रपट घेऊन खात्याची माणसे गावांत जात. चावडीसमोर पडदा लागे, अवघे गाव जमे. दूरचे देश, शेतीच्या पद्धती, रोगांची माहिती, पुराणांतील प्रसंग असे कितीतरी विषय अक्षर न जाणणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचत. बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेल्या राजाच्या राज्यात अशी योजना निघाली, यात नवल ते काय!

पुढील काळात संस्थानातील वाचनालयांची संख्या एक हजाराच्या पलीकडे गेली. १९३१ साली मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळच्या नव्या इमारतीत आले. त्या इमारतीत पोलादी मांडण्या आणि जाड काचेच्या तक्तपोशी बसवल्या होत्या, म्हणजे एका मजल्यावरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा. पुस्तकाचे नाव वाचण्यासाठी अंधारात चाचपडावे लागू नये, इतका बारीक विचार तेथे झाला होता.

महाराजांच्या चरित्रात अपयशाची पानेही आहेत आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. केळुस्कर गुरुजींच्या प्रयत्नाने भीमराव आंबेडकर या बुद्धिमान तरुणाची महाराजांशी भेट झाली होती. मुंबईच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्याला दरमहा साहाय्य मिळाले, आणि १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. करारानुसार डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. नाव लपवून त्यांना एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले आणि तेथूनही अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. अखेर त्यांनी बडोदे सोडले.

ज्या राज्याने त्यांना सातासमुद्रापार धाडले, त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना डोक्यावर छप्पर मिळू नये, ही घटना मनाला चटका लावते. ग्रंथालयांच्या बाबतीत महाराजांनी गावाला वाटेकरी करून घेतले होते. कचेरीतल्या माणसांची मने बदलण्याच्या कामी मात्र त्यांचा अधिकार आणि त्यांची शिष्यवृत्ती पुरी पडली नाही. राजवाड्यातून दिलेली संधी आणि शिपायाच्या टेबलापाशी मिळणारी वागणूक यांत केवढी दरी असू शकते, हे बडोद्याने त्या वर्षी पाहिले. वरून कितीही उदार दृष्टी ठेवली तरी सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला संस्था कशी दिसते, हे ज्याला कळत नाही त्याच्या सुधारणा अपुऱ्या राहतात. हा धडा प्रत्येक संस्थाचालकाने आपल्यापुढे ठेवावा असाच आहे.

महाराजांवर टीकाही पुष्कळ झाली. प्रकृतीच्या कारणाने १८८७ पासून त्यांचे परदेशगमन सुरू झाले आणि पुढे ते वारंवार घडले. दीर्घ काळ राज्याबाहेर राहणाऱ्या राजाला आपली माणसे कशी कळणार, हा आक्षेप गैरवाजवी नव्हता. मात्र या प्रवासांतून ते रिकाम्या हातांनी परतले नाहीत. शाळा, ग्रंथालये, संग्रहालये, बँका, कारखाने ते जातीने पाहत आणि त्यातले आपल्या मातीत काय रुजेल याचा विचार करत. १९०८ साली स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा ही याच विचाराची साक्ष आहे. दुसऱ्या महाराणी चिमणाबाई याही त्यांच्याबरोबर प्रवास करत. स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवले.

गुजराती प्रजेवर राज्य करणाऱ्या या मराठी राजाने भाषांकडेही वेगळ्या दृष्टीने पाहिले. स्वतःची मातृभाषा प्रजेवर लादण्याचा मोह त्यांनी धरला नाही. प्रजेला तिच्या भाषेत कारभार कळावा असा प्रयत्न केला आणि त्याचबरोबर मराठीलाही अंतर दिले नाही. सयाजी साहित्यमालेसारख्या उपक्रमांतून मराठी व गुजरातीत कितीतरी ग्रंथ निघाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेला सयाजी शासनशब्दकल्पतरू हा कारभाराच्या परिभाषेचा बहुभाषी कोश आजही अभ्यासकांना आदराने हाताळावासा वाटतो. परप्रांतात आपली भाषा टिकवायची तर तेथील भाषेशी मैत्री करूनच ती टिकते, हे महाराजांच्या धोरणातून दिसून येते.

जानेवारी १९३६ मध्ये महाराजांच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला. अशा प्रसंगी हत्ती, रोषणाई आणि मेजवान्या हे सारे ठरलेलेच. तेही झाले. परंतु त्या निमित्ताने महाराजांनी ग्रामीण भागातील गरीब जनतेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. साठ वर्षांच्या कारभाराकडे मागे वळून पाहताना त्यांची नजर पुन्हा कवळाण्यासारख्या गावांकडेच गेली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ साली, त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात उभे राहिले.

सयाजीरावांच्या हाती सत्ता होती, पैसा होता, म्हणून त्यांना हे जमले असे कोणी म्हणेल. सत्ता आणि पैसा त्या काळी आणखीही कित्येक राजांच्या हाती होता. प्रश्न पुढे आला की त्यांनी आधी आपली उभे राहण्याची जागा बदलली. हजेरीचा प्रश्न शेतकऱ्याच्या अंगणातून पाहिला. विस्मृत अक्षरांचा प्रश्न शाळा सोडलेल्या तरुणाच्या आयुष्यातून पाहिला. निरक्षर प्रौढांचा प्रश्न चावडीवरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. मग लहान प्रमाणात करून पाहिले, चुकले ते सुधारले आणि जमले ते वाढवले. जेथे अशी जागा बदलणे झाले नाही तेथे ते अपयशी ठरले.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे दिवा तेवत ठेवलेल्या मराठी शाळेपुढेही आज असेच प्रश्न उभे आहेत. पटावरची संख्या, पालकांचा इंग्रजी माध्यमाकडील ओढा, घरातून हळूहळू मागे सरणारी भाषा. पालकांना मराठीचे प्रेम उरले नाही, असे म्हणून हळहळणे सर्वांत सोपे आहे. परक्या प्रांतात नोकरीनिमित्त आलेल्या आईबापांच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिले तर त्यांची काळजी वेगळीच दिसेल, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या, घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाच्या जागी बसून पाहिले तर शाळाही वेगळी दिसेल. बाराव्या वर्षी पहिले अक्षर गिरवणारा कवळाण्याचा मुलगा राजा झाल्यावरही त्या जागा विसरला नाही. हीरक महोत्सवाच्या या वर्षी माजी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांनी मिळून त्या जागांवर पुन्हा एकदा जाऊन बसावे, यापरते त्या थोर विद्याप्रेमी राजाचे दुसरे स्मरण ते कोणते?